माझी हत्यारे आणि बंद पडलेली लॉरी

मी, आत्माराम लवू घाडी, वय एकसष्ट, मूळचा मौजे मसुरे, तालुका मालवण, हल्ली राहणार लालबाग, मुंबई, धंदा इंजिन मास्तर (आता तसे कोणी म्हणत नाही, पण दुसरा धंदा मला सांगता येत नाही), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. छाती भरवशाची राहिलेली नाही, आणि कान इंजिनघराने केव्हाच घेतले. लिही म्हणून कोणी मागे लागलेले नाही आणि कोणी धाकही घातलेला नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे जुने रद्द करण्याचा प्रश्न येत नाही.

यात काही मजकूर असा आहे की तो माणसाने तोंडाने सांगायचा असतो. मला लाज वाटली, म्हणून कागदावर सांगतो आहे. कागदासमोर मान खाली घातली तरी चालते.

कलम पहिले. राहती खोली भाड्याची आहे. भाडेपावती माझ्या नावावर आहे, ती माझ्या पश्चात माझी पत्नी सौ. कौसल्या हिच्या नावावर व्हावी. मालकाच्या मेहताजीने खळखळ केली तर त्याला आठवण द्यावी की चाळीचा पाण्याचा पंप मी आजवर फुकट चालू ठेवला. पंपातून पाणी गळू लागले की तो नट आवळत सुटतो. आवळून दांडा झिजतो. आतले पॅकिंग बदलायचे असते, हे त्याला शंभरदा सांगून झाले आहे.

कलम दुसरे. पोस्टात जे काही असेल ते कौसल्येचे. तिच्या अंगावरचे दागिने तिचेच आहेत, त्यावर माझा हक्क कधी नव्हता. माझी मुलगी मालन गिरगावात सुखी आहे. तिला देवघरातली समई द्यावी. ती लहानपणापासून मागते आहे.

कलम तिसरे. आमच्या गणपती मंडळाला माझ्याकडून काहीही जाऊ नये. मंडळाचा दिव्यांचा जनरेटर मी पुष्कळ वर्षे चालवला. छप्पनच्या गणपतीत मला बोलावणे आले नाही. मांडवाच्या मागे दुसराच माणूस बसलेला मी गॅलरीतून पाहिला आणि आत गेलो. तरीही सांगून ठेवतो, त्या इंजिनाची हवा गाळण्याची जाळी तेव्हापासून कोणी धुतलेली नाही. धूर काळा येतो तो त्यामुळेच. इंजिनाला आपल्यासारखाच श्वास लागतो. जाळी रॉकेलमध्ये धुवावी, वाळवावी आणि थोडे तेल लावून बसवावी. हे फुकट सांगितले असे समजावे.

कलम चौथे. चिंचपोकळी स्टेशनाजवळची शेड, जिथे मी रविवारी टॅक्सीवाल्यांची इंजिने खोलत असे, ती सोडून द्यावी. तिथे आता कोणी येत नाही.

कलम पाचवे. माझी हत्यारे. सर्व पाने, कानशी, छिन्न्या, फटी मोजायच्या पट्ट्या, व्हॉल्व्ह घासायचा दगड, आणि शिसवी दांडा, ज्याचे एक टोक बेअरिंगला आणि दुसरे कानाला लावून मी इंजिनाचे दुखणे ऐकत असे, ही सगळी माझा मुलगा विश्राम याला द्यावीत.

चाळीत मी सांगितले होते की मला मुलगा नाही. तो आहे. म्हणून हे कलम लांबणार.

मी मुंबईत आलो तो गोदीत, वाफेच्या क्रेनवर. तिथून गिरणीच्या इंजिनघरात गेलो. आमच्या इंजिनाचे चाक दोन मजले उंच होते आणि त्यावरून सुटलेले दोर सगळी गिरणी फिरवत. वाफेच्या इंजिनात आग बाहेर असते. बॉयलरात पाणी उकळते, वाफ नळातून सिलिंडरात येते आणि पिस्टनला एकदा या बाजूने ढकलते, एकदा त्या बाजूने. सुरू करण्याआधी सिलिंडरात साचलेले पाणी सोडून द्यावे लागते. वाफ दबते, पाणी दबत नाही. घाईने सुरू केले तर ते झाकण फोडून बाहेर येते. विश्राम लहान असताना डबा घेऊन यायचा तेव्हा मी त्याला हेच पहिल्यांदा दाखवले.

लढाईनंतर गिरणीत विजेच्या मोटारी आल्या. आमचे इंजिन तोडून भंगारात गेले आणि वीज गेली तर चालवायला म्हणून डिझेल इंजिन आले. त्यावर मला मास्तर केले. डिझेलला ठिणगी लागत नाही. नुसती हवा इतकी दाबायची की ती तापते, आणि तापलेल्या हवेत तेलाचा बारीक फवारा मारला की ते आपोआप पेटते. त्याला कचरा सोसत नाही आणि तेलाच्या नळीत शिरलेली हवाही सोसत नाही. तोवर विश्राम मोठा झाला होता. रविवारी शेडमध्ये तो माझ्याबरोबर टॅक्सीची पेट्रोल इंजिने खोलू लागला. पेट्रोल इंजिनाला वेळेवर ठिणगी हवी. ती वाटून देणारा एक डबा असतो, डिस्ट्रिब्युटर. त्याच्या झाकणाखाली, मधल्या दांड्यावर, रोटर नावाचा सुपारीपेक्षा थोडा मोठा तुकडा बसतो. तो फिरत फिरत प्रत्येक प्लगला त्याच्या पाळीची ठिणगी पोहोचवतो. तो तुकडा काढला की इंजिन गरगर फिरेल, पण पेटणार नाही. हेसुद्धा विश्रामला मीच दाखवले.

गिरणीत जागा नव्हती. तो पोलीस खात्यात ड्रायव्हर झाला. मला ते तेव्हाही आवडले नाही, पण पगार घरात येत होता. पुढे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. फाउंटनला गोळीबार झाला त्याच आठवड्यात विश्राम खाकी कपड्यांत घरी आला. चाळीतले सगळे गॅलरीत उभे राहून बघत होते. मी दारातच त्याला म्हणालो, "ह्ये कपडे घालून हय येव नको."

"बाबा, मी गाडी चालवतंय. बंदूक माझ्या हातात नाय."

"बंदूक वाहून कोण नेता? तूच मा?"

तो गेला. कौसल्या जेवण वाढून बसली होती, ते तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी नळावर कोणीतरी विचारले तेव्हा मी म्हणालो, मला मुलगा नाही.

नंतर जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असे रेडिओवर सांगितले आणि लालबाग-परळ पेटले. त्यातल्या एका दुपारी पोलिसांची लॉरी आमच्या चाळीसमोर अडली, कारण पोरांनी रस्त्यावर दगड आणि हातगाड्या लोटल्या होत्या. लॉरीत बंदुकीवाले बसलेले होते. पुढच्या नाक्यावर मोठा जमाव होता, त्यात आमच्याच चाळीतली माणसे होती, आणि लॉरी तिकडेच निघाली होती. शिपाई खाली उतरून रस्ता मोकळा करू लागले. ड्रायव्हर उतरला, त्याने बॉनेट उघडून रेडिएटरात पाणी घातले. तो विश्राम होता.

रस्ता मोकळा झाला, आणि लॉरी सुरू होईना. स्टार्टर फिरला, मग हँडल मारून झाले. इंजिन फिरत होते, पेटत नव्हते. गॅलऱ्यांतून लोक हसू लागले. कोणी ओरडले, "साहेब, इंजिनपण चळवळीत गेलं!" त्यावर अधिकारी भडकला. त्यांच्यातल्या एका हवालदाराला ठाऊक होते की इंजिन मास्तर याच चाळीत राहतो. त्याने शिपाई वर पाठवला.

मला नाही म्हणता आले असते. अंगात ताप आहे म्हटले असते तरी चालले असते. दगडूशेठ पानवाला जिन्यात आडवा येऊन म्हणाला, "मास्तर, जाऊ नका." मी हत्यारे काखेत घेऊन खाली उतरलो. का उतरलो तेही लिहितो. सगळी चाळ बघत असताना मला बोलावणे आले होते, आणि माझ्या मुलाला जे सुरू करता येत नव्हते ते मी चुटकीसरशी सुरू करून दाखवणार होतो. ती लॉरी कुठे निघाली आहे हे मला पक्के माहीत होते. त्या वेळी त्याचा विचारसुद्धा मनात आला नाही.

पेट्रोल येते आहे हे पाहिले. ठिणगी प्लगपर्यंत येत नव्हती. मी डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढले. दांडा उघडा होता. रोटर नव्हता.

मी मान वर केली. विश्राम मडगार्डला टेकून उभा होता. त्याचा उजवा गाल पान धरल्यासारखा फुगला होता. माझ्या मुलाने आयुष्यात पान खाल्लेले नाही. तो माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

मी झाकण परत बसवले.

अधिकाऱ्याने विचारले, "काय झालंय?" मी म्हणालो, बघतो. मग मी प्लग काढले, पुसले, परत घातले. कार्ब्युरेटर खोलला, फुंकर मारली, जोडला. पेट्रोलची नळी सोडवली. जिथे काहीच बिघडलेले नाही तिथे हात घालत राहिलो. वरून आवाज येऊ लागले, "मास्तर, चष्मा विसरलात काय?" शेजारच्या खोलीतली गंगुबाई म्हणाली, "हात गेले वाटतं मास्तरांचे."

तेवढ्यात राजाराम जिना उतरून आला. राजाराम तावडे माझ्या हाताखालचा फिटर, माझाच शिष्य, चांगला माणूस. तो हळूच म्हणाला, "मास्तर, मी बघू? डिस्ट्रिब्युटर बघितलात?"

त्याने ते झाकण उचलले असते तर सगळे संपले असते. मी त्याच्या छातीला हात लावून त्याला मागे ढकलले आणि ओरडलो, "कोळसा उचलत होतास, मी तुला हातात पाना दिला. आता मला शिकवतोस? हो मागे! तुझ्या बापाला तरी इंजिन कळलं होतं काय?"

त्याचा बाप गिरणीत पट्ट्यात सापडून गेला होता. हे मला माहीत होते. दुसरे काही सुचले नाही. राजाराम जिना चढून वर गेला. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोललेला नाही.

अधिकारी म्हणाला, "हाच का तुमचा मास्तर?" मी हात पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो, "साहेब, मला सापडत नाही. माझ्याच्याने होत नाही." शिपाईसुद्धा हसले.

दुसरी गाडी येऊन ती लॉरी ओढून नेईपर्यंत नाक्यावरचा जमाव घरी गेला होता. त्यामुळे कोणाचा जीव वाचला असे मी म्हणत नाही. गोळ्या दुसरीकडे चालल्याच, माणसे मेलीच. ती लॉरी त्या नाक्यावर पोहोचली नाही, एवढेच मला ठाऊक आहे.

नंतर विश्रामची चौकशी झाली. मलाही बोलावले. मी लिहून दिले की बिघाड फार अवघड होता आणि माझ्यासारख्या जुन्या माणसालाही तो सापडला नाही. त्यावर विश्राम सुटला. तो खात्यात होता तोवर मला दुसरे काही बोलता येत नव्हते. बोललो असतो तर तो तुरुंगात गेला असता. चाळीतले अर्धे लोक म्हणाले, मास्तर पोलिसांची गाडी दुरुस्त करायला गेला. उरलेले म्हणाले, गेला आणि तीही जमली नाही. गिरणीने त्याच वर्षी मला विश्रांती घ्या म्हणून सांगितले. टॅक्सीवाले शेड बदलून गेले.

मोठ्या मनाने मी हे सोसले असे कोणाला वाटेल, म्हणून खरे लिहितो. मला विश्रामचा राग होता. भर रस्त्यात त्याने माझे नाव घालवले असे मी कितीदा मनात म्हणालो. त्याने जिवावर उदार होऊन केले, आणि मी मात्र माझ्या नावासाठी झुरत बसलो. त्याची मला जेवढी लाज वाटते तेवढी त्या हसण्याची वाटली नाही.

अठ्ठावन्न साली त्याने नोकरी सोडली. भाऊच्या धक्क्यावर रेवसच्या लाँचवर इंजिन चालवू लागला. आता बोलायला काही हरकत नव्हती. एका सकाळी तो दारात आला. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. त्याने आईला विचारले, "बाबा आसत?" कौसल्येने मला दोनदा हाक मारली. मी हललो नाही. ती त्याला म्हणाली, "तेंका आता आयकाक येणा नाय रे." तो जिना उतरून गेला. पुन्हा आला नाही.

माझे कान गेलेत हे खरे आहे. पण त्या दिवशी मला ऐकू आले होते.

विश्राम, हत्यारांना गंज चढू देऊ नको. तुझे लाँचचे डिझेल समुद्राच्या पाण्याने थंड होते, म्हणून काम संपले की गोड्या पाण्याने नळ्या धुवत जा, मीठ आतून खाते. तेल टाकीत ओतताना फडक्यातून गाळ. नळीत हवा शिरली तर पंपावरचा स्क्रू सैल करून फेस जाईपर्यंत हाताने पंप मार आणि मग आवळ. हे तुला येतेच. आणखी काय लिहावे ते मला कळत नाही, म्हणून हेच लिहिले.

कलम सहावे. राजाराम सोनू तावडे याला माझ्याकडून काही द्यावे अशी माझी लायकी नाही. त्याच्या वडिलांबद्दल मी जे बोललो त्याची माफी मागतो. माझी जागा गिरणीने त्याला दिली ती योग्य माणसाला दिली.

कलम सातवे. बुधाजी भागू तांबे हा इंजिनघरात बॉयलरवर कोळसा मारत असे. त्या दुपारी तो गर्दीत उभा होता. चार-आठ दिवसांनी मला म्हणाला, "मास्तर, तुम्ही ते झाकण उघडलंत आणि लगेच लावलंत. नंतर त्याला हातच लावला नाही."

मी म्हणालो, "मग?"

"मग काही नाही. घरी चला, चहा घ्या."

इतकी वर्षे बरोबर काम करून मी त्याच्या घरचे पाणी प्यालो नव्हतो. जात आड येत होती, दुसरे कारण नव्हते. त्या दिवशी मी गेलो. त्याच्या बायकोने कप पुढे केला तेव्हा मला वर बघवेना. बुधाजीने आजवर कोणाकडे शब्द काढलेला नाही. माझे घड्याळ त्याला द्यावे असे मनात होते. तो म्हणाला, "मला घड्याळ नको. मला साक्षीला ठेवा." म्हणून त्याला साक्षीला ठेवले आहे.

कलम आठवे. माझ्यामागे तेराव्याला जेवणावळ घालू नये. मास्तर म्हणून कोणी फोटो लावू नये.

कलम नववे. कौसल्येला मी यातले काही सांगितलेले नाही. तिला वाचता येत नाही, म्हणून मी गेल्यावर हे तिला कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावे आणि ती रडली तर थांबावे.

जोड मजकूर, त्याच दिवशी लिहिलेला. वरील मजकूर संपवून मी साक्षीदारांची वाट बघत होतो. बुधाजी आला आणि त्याने राजारामला बरोबर आणले. कसे आणले ते त्याने सांगितले नाही. राजाराम उंबऱ्यावरच उभा होता. मी कागद पुढे केला. आत काय आहे ते वाचल्याशिवाय सही करणार नाही, असे तो म्हणाला आणि मोठ्याने वाचू लागला. कौसल्या आत तांदूळ निवडत होती. मला त्याला थांबवता आले असते. थांबवले नाही.

स्वतःचे कलम आले तिथे राजारामने कागद खाली घेतला. म्हणाला, "मास्तर, मी ती गाडी सुरू केली असती. मला काही कळलं नसतं. झाकण उघडून मी सगळ्यांसमोर ओरडलो असतो, रोटर नाही म्हणून." मग तो खाली बसला, आणि पुढचे बुधाजीने अडखळत अडखळत वाचले.

वाचून झाले तेव्हा कौसल्या सूप हातात घेऊन दारात उभी होती. ती रडली नाही. म्हणाली, "माजो झील दारात इलो आणि तुमी आयकून गप रवलात?"

मी म्हणालो, "होय."

"आणि माका ह्या तुमी मेल्यार कळाचा होता?"

तिने सूप खाली ठेवले.

"ता कलम काय ता खोडून टाका," ती म्हणाली. "मेल्यार कित्याक? हात धड आसत तवसर स्वतःच्या हातान नेवन द्या. उठा."

सबब कलम पाचव्यातील हत्यारांचे दान मी या ओळीने रद्द करीत आहे. ती मृत्युपत्रातून वगळली आहेत. पावसाळ्यामुळे लाँच धक्क्याला बांधलेल्या आहेत आणि विश्राम इंजिन खोलून बसलेला असतो असे बुधाजी सांगतो. हत्यारे मी आत्ताच नेत आहे. तो काय म्हणेल ते मला माहीत नाही. त्याने परत पाठवली तर घरी परत आणीन. बाकी सर्व कलमे कायम. कौसल्या वहाणा घालून जिन्यात उभी आहे आणि हाका मारते आहे, म्हणून इथेच सही करतो.

आत्माराम लवू घाडी
(सही)

मास्तरांनी आमच्या देखत सही केली, आणि आम्ही त्यांच्या देखत केल्या:

१. बुधाजी भागू तांबे, राहणार चिंचपोकळी (सही)
२. राजाराम सोनू तावडे, राहणार लालबाग (सही)

लालबाग, मुंबई, महाराष्ट्र राज्य
रविवार, दिनांक १९ जून १९६०